चौपन्न मुलं, आठ वादक आणि एक टिपण : लाइपझिग, ऑगस्ट १७३०

२३ ऑगस्ट १७३० ही तारीख घालून लाइपझिग या जर्मन शहराच्या नगरपरिषदेसाठी एक टिपण लिहिलं गेलं. लिहिणारा पंचेचाळीस वर्षांचा होता आणि शहरातल्या चर्चसंगीताचा भार सात वर्षं वाहत होता. त्याचं नाव योहान सेबास्टियन बाख, जर्मन संगीतकार. 'सुव्यवस्थित चर्चसंगीताचा संक्षिप्त, पण अत्यंत आवश्यक आराखडा' असं त्याने टिपणाला नाव दिलं होतं. वरिष्ठांना लिहायचं म्हणजे त्या काळी ओळी-दोन ओळींचे मायने आणि आदरार्थी विशेषणांची रांग लागायची. इथे त्यातलं काहीही नाही. चर्चसंगीताला गायक लागतात आणि वादक लागतात, अशी थेट सुरुवात. शेवटी सही आहे ती 'संगीत संचालक' म्हणून. ज्या 'कांटोर' (शाळेतला संगीतशिक्षक आणि चर्चसंगीताचा प्रमुख) पदावर परिषदेने त्याला नेमलं होतं, तो शब्द सहीत नाही.

बाखचं चरित्र बहुतेकदा जन्मापासून मृत्यूपर्यंत क्रमाने सांगितलं जातं: आयझेनाख, आर्नश्टाट, मुलहाउझेन, वायमार, क्योटेन, लाइपझिग. मला मात्र हा माणूस सर्वांत जवळून दिसतो तो या टिपणात. इथे एकही स्वर नाही. मुलांची नावं, वादकांची नावं, आकडे आणि 'रिक्त' असे शेरे आहेत. दर रविवारी सकाळी जे ऐकू यायचं ते या आकड्यांतून निघत होतं. म्हणून अभ्यासासाठी हेच प्रकरण घेतलं.

नेमणूक कशी झाली

जून १७२२ मध्ये योहान कुनाऊ वारला आणि थॉमस शाळेच्या कांटोरची जागा रिकामी झाली. परिषदेला टेलेमान हवा होता. तो निवडलाही गेला, पण हॅम्बुर्गने पगार वाढवला आणि तो तिथेच राहिला. मग डार्मश्टाटचा दरबारी संगीतकार ग्राउपनर याला विचारलं, त्याला त्याच्या संस्थानिकाने सोडलं नाही. ७ फेब्रुवारी १७२३ रोजी बाखने परीक्षेचं संगीत सादर केलं आणि २२ एप्रिलला त्याची निवड झाली. त्याच महिन्यातल्या चर्चेत प्लाट्स नावाचे एक सदस्य म्हणाले होते की सर्वोत्तम मिळत नाहीत, तेव्हा मध्यम प्रतीच्यांवर भागवावं लागेल. परिषदेच्या बहिरेपणाचा पुरावा म्हणून हे वाक्य आजवर असंख्य वेळा पुढे केलं गेलं आहे. मला ते पटत नाही. टेलेमान तेव्हा जर्मन प्रदेशातला सर्वांत नावाजलेला संगीतकार होता आणि लाइपझिगच्याच विद्यापीठात शिकलेला होता. बाखने विद्यापीठाची पायरी चढलेली नव्हती. शिवाय परिषदेत दोन गट होते. एकाला शाळेसाठी शिक्षक हवा होता, दुसऱ्याला शहराची शान वाढवणारा संगीतकार. जागा एकच आणि अपेक्षा दोन, आणि नेमणूक करताना या दोहोंचा मेळ कोणी घातला नाही.

५ मे १७२३ रोजी बाखने ज्या करारपत्रावर सही केली त्यातली दोन कलमं या प्रकरणाची किल्ली आहेत. पहिलं असं, की चर्चला विनाकारण खर्च पडू नये म्हणून त्याने मुलांना गाण्याबरोबर वाद्यंही मनापासून शिकवावीत. म्हणजे पैसे देऊन वादक ठेवण्याऐवजी ते शाळेतूनच तयार व्हावेत. दुसरं असं, की ज्यांचा संगीताचा पाया झालेला नाही किंवा ज्यांना संगीत शिकवता येण्याजोगं नाही अशी मुलं त्याने शाळेत घेऊ नयेत, आणि जी घ्यायची तीही शाळेच्या निरीक्षकांच्या संमतीशिवाय घेऊ नयेत. मुलं पारखायची जबाबदारी त्याची आणि शेवटचा शब्द दुसऱ्यांचा. हे कलम लिहिलं गेलं तेव्हाच पुढच्या भांडणाची सोय झाली होती.

२२ मे रोजी दुपारी सामानाने लादलेल्या चार गाड्या शहरात आल्या आणि दोन तासांनी दोन बग्ग्यांतून बाखचं कुटुंब आलं. वृत्तपत्राने त्याची बातमी दिली. ३० मे रोजी सेंट निकोलस चर्चमध्ये त्याची पहिली कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यं यांच्यासाठी रचलेली चर्चची संगीतरचना, झाली, चौदा भागांची. पुढची दोन वर्षं जवळजवळ दर रविवारी आणि सणाला एक कँटाटा, त्यातल्या बहुतेक नव्या. आठवड्यात रचायची, मुलांकडून आणि घरच्यांकडून पानं उतरवून घ्यायची, तालीम करायची आणि रविवारी सकाळी सातला सुरू होणाऱ्या उपासनेत प्रवचनाआधी सादर करायची. या दोन वर्षांत त्या माणसाने जे केलं ते मला आजही अविश्वसनीय वाटतं.

शाळा

थॉमस शाळेत राहून शिकणारी साधारण पंचावन्न मुलं होती, बरीचशी गरीब घरची. आपल्याकडे वार लावून जेवणारे आणि माधुकरी मागणारे विद्यार्थी असत, तशी ही मुलं ठरलेल्या दिवशी रस्त्यांतून गात फिरत आणि जमलेल्या पैशांत शिक्षकांचाही वाटा असे. लग्नं आणि अंत्ययात्रा यांतही ती गात. शिकायला आणि जेवायला मिळण्याच्या बदल्यात गायचं, असा तो व्यवहार होता. याच मुलांतून दर रविवारी चार चर्चसाठी चार गायकवृंद उभे करायचे. पहिला स्वतः बाखच्या हाताखाली कँटाटा गाई. बाकीचे मोठ्या मुलांच्या, म्हणजे 'प्रीफेक्ट'च्या देखरेखीखाली जात. सेंट पीटर चर्चच्या वाट्याला उरलेली मुलं येत. ज्यांना संगीत समजत नाही आणि जेमतेम साधी भजनं म्हणता येतात अशी, हे बाखचेच शब्द.

कांटोरने लॅटिनही शिकवायचं होतं. बाखने ते पेट्सोल्ड नावाच्या सहकाऱ्यावर सोपवलं आणि त्यासाठी खिशातून वर्षाला ५० थालर (तेव्हाचं चांदीचं नाणं) दिले. याला परिषदेची परवानगी होती.

टिपणात काय आहे

बाखचा हिशोब साधा आहे. प्रत्येक गायकवृंदात किमान बारा गायक हवेत: तीन सोप्रानो, तीन आल्टो, तीन टेनर, तीन बेस, म्हणजे सर्वांत उंच आवाजापासून सर्वांत खालच्या आवाजापर्यंत. का? कोणी आजारी पडलं तरी, आणि तसं वारंवार होतं, निदान दोन वृंदांचं मोटेट, म्हणजे दोन गटांनी मिळून म्हणायचं चर्चगीत, म्हणता यावं. आजारपणाचा पुरावाही तो देतो. या ऋतूत शाळेच्या वैद्याने औषधवाल्याकडे पाठवलेल्या चिठ्ठ्या पाहा, म्हणतो. प्रत्येक आवाजाला चार मिळाले तर उत्तम, म्हणजे सोळा. तीन चर्चमध्ये संगीत जाणणारेच हवेत, तेव्हा छत्तीस जण झाले.

वाद्यांचा हिशोब वेगळा. पहिल्या व्हायोलिनला दोन किंवा तीन, दुसऱ्याला तेवढेच, पहिल्या आणि दुसऱ्या व्हायोलाला दोन-दोन, चेलोला दोन, व्हायोलोनला (सर्वांत खालच्या सुराचं तंतुवाद्य) एक, ओबोला (सनईसारखं फुंकवाद्य) दोन किंवा तीन, बसूनला (खालच्या सुराचं फुंकवाद्य) एक किंवा दोन, ट्रम्पेटला तीन, नगाऱ्याला एक. किमान अठरा. बासऱ्या लागल्या तर आणखी दोन धरून वीस.

शहराने नेमलेले किती? आठ. चार नगरवादक, तीन व्हायोलिनवाले आणि एक शिकाऊ. त्यांच्या गुणवत्तेबद्दल आणि संगीताच्या ज्ञानाबद्दल खरं ते बोलायला विनय आडवा येतो, एवढंच तो लिहितो. लगेच जोडतो की काही निवृत्तीच्या वयाचे आहेत आणि काहींचा रियाज असायला हवा तसा राहिलेला नाही. मग यादी. पहिला ट्रम्पेट रायखे, दुसरा गेन्त्समर, तिसरा रिक्त. नगारा रिक्त. पहिलं व्हायोलिन रोटर, दुसरं बायर. व्हायोला रिक्त. चेलो रिक्त. व्हायोलोन रिक्त. ओबोवर ग्लेडिच आणि कोर्नागेल, तिसरा ओबो रिक्त. बसूनवर तो शिकाऊ मुलगा.

या यादीत सरसकट निंदा नाही, हे लक्षात घ्यायला हवं. बाखने ट्रम्पेटसाठी जे कठीण, उंच स्वर लिहिले ते वाजवणारा गॉटफ्रीड रायखे तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होता. चार वर्षांनी, ऑक्टोबर १७३४ मध्ये, राजाच्या सन्मानार्थ मशालींच्या उजेडात उघड्यावर झालेल्या बाखच्या कार्यक्रमात त्याने ट्रम्पेट वाजवला आणि दुसऱ्याच दिवशी तो रस्त्यात कोसळून गेला. असे वादक होते, पण दोन-तीनच.

रिकाम्या जागा कशा भरत? काही विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून, बहुतेक शाळेच्याच मुलांकडून. इथे बाख नेमकी मेख दाखवतो. ज्या मुलाच्या हातात व्हायोला दिला तो मुलगा गायकवृंदातून गेला. वाद्यांतलं भोक बुजवायचं तर आवाजात भोक पडतं. विद्यापीठातले विद्यार्थी पूर्वी आनंदाने येत, कारण थोडाफार मोबदला मिळण्याची आशा असे. ती छोटी अनुदानं हळूहळू बंद झाली आणि विद्यार्थीही. फुकट काम कोण करणार, असा त्याचा साधा प्रश्न आहे.

त्यानंतर ड्रेस्डेनचं उदाहरण येतं. राजाच्या पदरी असलेल्या वादकांना पगार मिळतो, पोटाची चिंता नसते आणि प्रत्येकाला एकच वाद्य साधायचं असतं. लाइपझिगच्या माणसाकडून मात्र इटालियन, फ्रेंच, इंग्लिश, पोलिश, कुठलंही संगीत समोर आलं की बघता क्षणी वाजवण्याची अपेक्षा. रुची आता बदलली आहे, जुन्या तऱ्हेचं संगीत कानाला भावत नाही, तेव्हा नवं पेलणारी माणसं हवीत, असं त्याचं म्हणणं.

शेवटी तो शाळेतल्या मुलांची नावानिशी वर्गवारी करतो. सतरा उपयोगाची, वीस अजून तयार न झालेली, सतरा बिनकामाची. एकूण चौपन्न. छत्तीस हवी होती, आहेत सतरा. आदल्याच वर्षी त्याने प्रवेशासाठी आलेल्या मुलांची परीक्षा घेऊन शेरे दिले होते आणि प्रवेश देताना परिषदेने ते सगळे पाळले नव्हते. ही बिनकामाची सतरा मुलं कुठून आली याचं उत्तर निदान अंशतः तिथे आहे.

परिषदेची बाजू

टिपणाच्या तीन आठवडे आधी, २ ऑगस्टला, परिषदेच्या बैठकीत बाखवर बरंच काही बोललं गेलं. तो वर्ग घेत नाही. पेट्सोल्ड त्याच्या जागी शिकवतो तेही नीट नाही. परवानगी न घेता बाहेरगावी जातो. कांटोर काही करत नाही आणि त्याबद्दल खुलासाही देत नाही, असं एक सदस्य म्हणाले. दुसऱ्यांनी 'सुधारण्यापलीकडचा' असा शेरा मारला. त्याच्या उत्पन्नाला कात्री लावायचं ठरलं.

ज्याने आदल्या काही वर्षांत मॅथ्यूची पॅशन, ख्रिस्ताच्या यातनांवरची भव्य रचना, दिली त्याच्याबद्दल 'काही करत नाही' हे ऐकून जीव तुटतो. तरीही परिषदेच्या खुर्चीवर बसून पाहावंसं वाटतं. शाळेची इमारत जुनी आणि अपुरी. वृद्ध रेक्टर (मुख्याध्यापक) एर्नेस्टी १७२९ च्या ऑक्टोबरमध्ये वारलेले. शिस्त ढासळलेली. गरीब मुलांना शिकवणं हे शाळेचं काम, आणि ज्याला आवाज नाही पण अक्षरओळख हवी आहे अशा मुलाला दारातून परत का पाठवावं? बाखच्या वर्गवारीतल्या 'बिनकामाच्या' सतरा मुलांचा विचार केला की मला परिषदेचं म्हणणं पूर्ण झटकून टाकता येत नाही. आणि लॅटिनचे वर्ग खरोखरच नीट होत नव्हते.

परिषदेची चूक दुसरीकडे आहे असं मला वाटतं. विद्यापीठातल्या मुलांना मिळणारी छोटी अनुदानं शहराच्या तिजोरीच्या मानाने नगण्य होती. वर्षातून तीन मोठ्या जत्रा भरवणारं हे व्यापारी शहर होतं. ती अनुदानं बंद केल्यावर वाद्यांचा सारा भार शाळेच्या मुलांवर आला, आणि त्याच वेळी मुलं निवडताना संगीताचा निकष सैल झाला. एका हाताने खांब काढला, दुसऱ्या हाताने वरचं ओझं वाढवलं. बाखने दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आकड्यांत मांडल्या, पण मांडताना कोणाची मनधरणी केली नाही. दोन दिवसांनी नगराध्यक्ष बोर्न यांनी परिषदेला सांगितलं की आपण कांटोरशी बोललो, त्याला कामाची फारशी इच्छा दिसत नाही.

टिपणावर परिषदेने काही केल्याची नोंद नाही.

बारा म्हणजे किती?

या कागदाचं दुसरं आयुष्य अडीचशे वर्षांनी सुरू झालं. १९८१ मध्ये संगीत-अभ्यासक जोशुआ रिफकिन यांनी मांडलं की बाखचा 'गायकवृंद' म्हणजे सहसा प्रत्येक आवाजाला एकच गायक. त्यांचा आधार होता मूळ पानांचा. बाखच्या कँटाटांची जी सुटी पानं उरली आहेत त्यांत बहुधा एका आवाजाचं एकच पान असतं, आणि त्याच पानावर एकट्याने गायचं आणि सगळ्यांनी गायचं दोन्ही लिहिलेलं असतं. विरोधकांनी लगेच हेच टिपण पुढे केलं. बाख स्वतः सांगतो आहे, तीन-तीन, जमल्यास चार-चार!

मी टिपणातलं ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं आहे. बारा कशासाठी, तर आजारपण धरूनही दोन वृंदांचं मोटेट म्हणता यावं यासाठी. दोन वृंदांच्या मोटेटला आठ आवाज लागतात. बारातले चार अंथरुणाला खिळले तर उरतात आठ, म्हणजे एका आवाजाला एक गायक. तेव्हा बारा हा हजेरीपटावरचा आकडा वाटतो, चर्चमधल्या गायकांच्या माडीवर एका वेळी उभं राहून गाणाऱ्यांचा नव्हे. क्रिकेटच्या संघात पंधरा-सोळा खेळाडू निवडतात आणि मैदानात अकरा उतरतात, तसं काहीसं. ज्यांना तिघांनी एका पानावर डोकी जोडून गायलं असं वाटतं त्यांच्याकडेही मुद्दे आहेत, आणि वाद मिटलेला नाही. पण एका माणसाने वैतागून लिहिलेल्या आकडेवारीवर आजच्या ध्वनिमुद्रणांतला समूहाचा नाद ठरतो, याचं मला अप्रूप वाटतं. दहा गायकांत ऐकलेली बाखची 'बी मायनर मास' ही रचना आणि शंभरांत ऐकलेली, या दोन वेगळ्या इमारती आहेत.

नंतर

२८ ऑक्टोबर १७३० रोजी बाखने डान्झिगला जुना शाळासोबती गेओर्ग एर्डमान याला पत्र लिहिलं, कुठे जागा असेल तर बघ म्हणून. सांगितलं होतं तेवढी ही नोकरी किफायतशीर नाही, वरकड उत्पन्न बुडालं, शहर महाग, आणि वरिष्ठ विचित्र, संगीताची फारशी आस्था नसलेले, त्यामुळे सततचा मनस्ताप, मत्सर आणि छळ. उत्पन्न सुमारे ७०० थालर, पण त्यातलं पुष्कळ अंत्यविधींवर अवलंबून. हवा चांगली असली की माणसं मरत नाहीत. आदल्या वर्षी त्यामुळे शंभराहून अधिक थालर बुडाले, हे तो सरळपणे लिहितो. पत्राचा शेवट मात्र उजळ आहे. माझी मुलं जन्मजात संगीतकार आहेत, घरच्या घरी गायन-वादनाचा कार्यक्रम करता येतो, असं तो अभिमानाने सांगतो.

जागा मिळाली नाही. तो लाइपझिगमध्येच राहिला, पण जीव दुसरीकडे रमवला. १७२९ च्या वसंतात त्याने विद्यार्थ्यांचं कोलेगियम मुझिकुम हे वादक मंडळ हाती घेतलं होतं. टेलेमानने विद्यार्थीदशेत उभी केलेली ही मंडळी कॅथरिन रस्त्यावरच्या त्सिमरमानच्या कॉफीगृहात जमत, उन्हाळ्यात गावाबाहेरच्या बागेत. चर्चच्या माडीवर जे विद्यार्थी फुकट यायला तयार नव्हते, त्यांच्यातलेच वादक त्याला इथे हौसेने भेटले. चर्चसाठी नव्या कँटाटांचा ओघ याच सुमारास आटला. आटण्याचं कारण केवळ परिषद होती असं मी म्हणणार नाही, कारण वर्षभरातल्या रविवारांसाठी आणि सणांसाठी कँटाटांचे संच तोवर तयार झाले होते आणि जुनी पानं पुन्हा काढता येत होती.

परिस्थिती थोडी निवळली ती १७३० मध्ये आलेल्या नव्या रेक्टरमुळे. योहान मथियास गेस्नर बाखला वायमारपासून ओळखत होते. त्यांनी वर्गातल्या शिकवणीचं ओझं त्याच्यावरून उतरवलं, शाळेवर दोन मजले चढले. लाइपझिग सोडल्यानंतर, १७३८ मध्ये, त्यांनी प्राचीन रोमन लेखक क्विंटिलियनच्या लॅटिन ग्रंथाला एक टीप जोडली. तीस-चाळीस जणांच्या मेळ्यात एकाला मानेने, दुसऱ्याला पायाच्या ठेक्याने, तिसऱ्याला बोटाने इशारा देणारा, एकाला उंच, एकाला खालचा, एकाला मधला स्वर पुरवणारा बाख त्यांनी तिथे जिवंत उभा केला आहे. या प्रकरणात परिषदेच्या बाजूच्या माणसांपैकी ज्याने त्याला काम करताना पाहून लिहिलं, असा हा एकटा. पण गेस्नर चारच वर्षं राहिले. त्यांच्या जागी आलेल्या दुसऱ्या एर्नेस्टींशी, प्रीफेक्ट कोणी नेमायचा या मुद्द्यावर, १७३६ पासून नवं भांडण पेटलं.

जून १७४९ मध्ये बाख हयात असतानाच, 'कांटोर सेबास्टियन बाख वारलाच तर' म्हणून हारर नावाच्या संगीतकाराची परीक्षा घेण्यात आली. २८ जुलै १७५० रोजी बाख गेला. ऑगस्टमध्ये परिषद बसली तेव्हा नगराध्यक्ष श्टिग्लित्स म्हणाले की शाळेला कांटोर हवा आहे, कापेलमाइस्टर (दरबारी संगीतप्रमुख) नको, मात्र त्याला संगीतही कळायला हवं. हारर नेमला गेला.

बाखची पत्नी ॲना माग्डालेना हिच्या वाट्याला काही कँटाटांची सुटी पानं आली होती. ती तिने थॉमस शाळेला दिली. आवाजाला एक, अशी ती पानं लाइपझिगमध्ये आजही आहेत.